खजिनदारांची सही आणि पतसंस्थेतल्या पावत्या : एका बालसंस्थेच्या विश्वस्त मंडळाचे प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत, काही तपशील बदलले आहेत आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत. पैसे खाल्ल्याचे हे प्रकरण नाही. म्हणूनच ते अभ्यासायला घेतले, कारण अफरातफर झाली तर काय करायचे हे निदान ठाऊक असते. सगळे प्रामाणिक असताना गाडी रुळावरून घसरते, तेव्हा मंडळाला नेमका कुठे हात घालावा ते कळत नाही.

पार्श्वभूमी

संस्था वस्तीतल्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि संध्याकाळची अभ्यासिका चालवते. रोज साधारण ११० मुले येतात. पाच ताई, दोन मदतनीस आणि एक अर्धवेळ हिशेबनीस मानधनावर आहेत. महिन्याचा खर्च १ लाख ४५ हजारांच्या घरात. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांसारखी नोंदणी दुहेरी आहे : १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली. कार्यकारी मंडळ नऊ जणांचे. तेच विश्वस्त, आणि एकालाही रुपया मिळत नाही. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी डॉक्टर, कोणी व्यापारी. मंडळाची मुदत संस्थेच्या घटनेप्रमाणे पाच वर्षे.

पैसा दोन ठिकाणी होता. रोजचा व्यवहार राष्ट्रीयीकृत बँकेतल्या बचत खात्यातून चाले आणि शिलकी निधी गावातल्याच एका पतसंस्थेत ठेव म्हणून ठेवलेला असे. २०१४ मध्ये खजिनदारांनी ३ लाखांची पहिली पावती तिथे करून आणली. व्याज जास्त, माणसे ओळखीची, आणि पावती मोडायची वेळ आलीच तर अर्ध्या तासात काम. खजिनदार त्या पतसंस्थेचे संचालकही होते. हे सगळ्यांना माहीत होते. आपला माणूस आत आहे, ही मंडळाला जमेची बाजूच वाटत होती. मार्च २०२२ अखेर तिथे पाच पावत्यांत १४ लाख रुपये होते. बचत खात्यातली दोन-तीन लाखांची फिरती रक्कम सोडली तर संस्थेची सगळी पुंजी तीच.

अडचण कशी पुढे आली

संस्थेचे जुने सीए वर्षानुवर्षे विनामूल्य ऑडिट करून देत. ते थांबले आणि २०२१-२२ चे काम नव्या सीए बाईंकडे गेले. ऑगस्टमध्ये त्यांनी पावत्यांच्या मूळ प्रती मागितल्या. नुसती यादी चालणार नव्हती.

विश्वस्त अधिनियमाखालच्या ऑडिट अहवालात काही ठरलेले प्रश्न असतात. संस्थेचा पैसा कलम ३५ च्या विरुद्ध कुठे गुंतवला आहे का, हा त्यातला एक. कोणा विश्वस्ताचा त्या गुंतवणुकीत हितसंबंध आहे का, हा दुसरा. गेली आठ वर्षे दोन्हींपुढे ‘नाही’ छापून येत होते. मागच्या वर्षीचा अहवाल समोर ठेवून पुढचा टाइप केला की असे होते. मंडळातल्या एकानेही ती पाने वाचलेली नव्हती. सह्या मात्र दरवर्षी झाल्या होत्या.

कलम ३५ नुसार लगेच न लागणारा पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत किंवा राज्य शासनाने मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत ठेवावा लागतो, नाहीतर सरकारी रोख्यांसारख्या ठरलेल्या साधनांत गुंतवावा लागतो. पतसंस्था यात येत नाही. ती सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते, पण तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो. म्हणून बँक ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून मिळणारे ५ लाखांचे विमासंरक्षणही तिथल्या ठेवीला नसते. मंडळातल्या बहुतेकांना हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आयकराचा भाग वेगळा. तेव्हाच्या कायद्याच्या कलम ११(५) मध्ये धर्मादाय संस्थांसाठी गुंतवणुकीचे मार्ग दिलेले होते, आणि सीएंच्या मते पतसंस्थेची ठेव त्यात बसत नव्हती. २०२२-२३ पासून अशा गुंतवणुकीच्या उत्पन्नावर ३० टक्के दराने कर लागू झाला. सीएंनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. १४ लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाचे व्याज १,२६,०००. बँकेत त्या वेळच्या साडेपाच टक्क्यांनी मिळाले असते ७७,०००. जास्तीचे मिळतात ४९,०००. आता १,२६,००० वर ३० टक्के कर ३७,८०० आणि त्यावर ४ टक्के उपकर १,५१२, एकूण ३९,३१२. हाती उरतात ९,६८८ रुपये. तेवढ्यासाठी १४ लाख बिनविम्याचे ठेवायचे. चर्चा वाढण्याआधीच हा कागद सगळ्यांच्या हातून फिरला, आणि ‘व्याज जास्त मिळते’ हा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

खरी गाठ सह्यांची

पावत्या मोडून पैसे बँकेत आणावेत, एवढे साधे काम वाटत होते. अडकले ते सह्यांवर. दोन्हीकडच्या खात्यांवर सह्यांचा अधिकार २००९ च्या मंडळातल्या तिघांना होता : अध्यक्ष, सचिव, खजिनदार, पैकी कोणतेही दोघे. अध्यक्ष २०२० मध्ये वारले. म्हणजे उरलेल्या दोघांच्या सह्या प्रत्येक कागदावर लागणार, आणि त्यातली एक खजिनदारांची.

सह्या बदलून घ्याव्यात तर बँक शेड्यूल वनचा उतारा मागते. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा हा उतारा, त्यावर विश्वस्तांची नावे असतात. संस्थेच्या उताऱ्यावर २००९ चीच नऊ नावे होती. त्यातले तिघे हयात नव्हते, दोघे गाव सोडून गेले होते. २०१४ आणि २०१९ मध्ये निवडणुका रीतसर झाल्या, पेढे वाटले गेले, पण विश्वस्त बदलल्याचे धर्मादाय कार्यालयाला कळवणारे चेंज रिपोर्ट दाखल करायचे राहिले. विश्वस्त अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. ‘सचिव देतील’ असे अध्यक्षांना वाटले आणि ‘वकील देतील’ असे सचिवांना. हे दुखणे इतके सार्वत्रिक आहे की धर्मादाय कार्यालयातला कारकूनही त्यावर भुवई उंचावत नाही.

पर्याय

सप्टेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात तातडीची सभा झाली. घटनेप्रमाणे सात दिवसांची नोटीस, गणपूर्ती पाचाची. बालवाडीच्या खोलीत सहा जण हजर होते. सातवे फोनवर होते, पण घटनेत ऑनलाइन हजेरीची तरतूद नसल्याने ते मोजले गेले नाहीत. हितसंबंध असलेल्याने चर्चेच्या वेळी बाहेर बसावे, हे सीएंनी आधीच सुचवले होते. खजिनदार उठले की पाच उरणार, म्हणजे गणपूर्ती जेमतेम टिकणार. सचिवांनी सकाळीच एकेकाला फोन करून हे आकडे जुळवले होते, ते बरे झाले.

उपाध्यक्ष खजिनदारांना म्हणाले, “अण्णा, हा विषय होईपर्यंत तुम्ही जरा ऑफिसात बसाल का? प्रोसिडिंगला तसे लिहायला लागते.” अण्णांना ते लागले. “पावत्या मी आणल्या, मीच मोडून देतो. पण मला चोर ठरवून नको,” एवढे बोलून ते उठले.

आत जे पर्याय आले त्यांतला पहिला अर्थातच ऑडिटचा शेरा सौम्य करून घेण्याचा : सीएंना सांगू, यंदा तेवढे ‘नाही’ लिहा, मार्चपर्यंत सगळे हलवतो. हा मोह प्रत्येक मंडळाला होतो. सीएंनी तो दारातच परतवला होता. त्यांची सही त्यांच्या परवान्यावर असते, संस्थेच्या मैत्रीवर नाही. अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत दाखल करायचा होता आणि शेरा येणार हे नक्की होते. मंडळाच्या हातात एवढेच होते की शेऱ्याखाली ‘कार्यवाही सुरू’ असा ठराव जोडता यावा.

दुसरा पर्याय, मुदत संपेल तशी एकेक पावती काढण्याचा. पावत्यांच्या मुदती अशा : ३ लाख नोव्हेंबर २०२२, ४ लाख फेब्रुवारी २०२३, २ लाख जून २०२३, ३ लाख जानेवारी २०२४, २ लाख ऑगस्ट २०२४. यात दंड शून्य, पण शेवटचा पैसा यायला दोन वर्षे, आणि तोवर दर ऑडिटला तोच शेरा.

तिसरा, सगळ्या पावत्या एकदम मोडण्याचा. मुदतपूर्व मोडल्यास व्याजात एक टक्का कपात. त्याहून मोठी भीती गावाची होती. बालसंस्थेने पैसे काढले ही बातमी दुसऱ्या दिवशी बाजारात जाईल, ठेवीदारांची रांग लागेल आणि खापर संस्थेवर फुटेल. पतसंस्थेचे अध्यक्ष दिवाळीला मुलांना कपडे देणारे देणगीदारही होते. एका विश्वस्तांनी हे बोलून दाखवले आणि बाकीच्यांच्या मनातलेही तेच होते.

खजिनदारांचा राजीनामा घ्यावा, असाही सूर निघाला. तो मागे पडला तो सहानुभूतीमुळे नव्हे. त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला असता आणि सही करायला नकार दिला असता, तर पतसंस्थेतले १४ लाख अडकलेच असते, शिवाय बचत खातेही गोठले असते आणि ऑक्टोबरचे मानधन थांबले असते. नवी सही लावायला शेड्यूल वन लागणार, आणि त्याला वर्षाच्या वर. आधी सह्या, मग पैसे, मग पद, हा क्रम ठरला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. तापल्या डोक्याने तो उलटा झाला असता.

काय केले

दूरच्या मुदतीच्या तीन पावत्या (जून २०२३, जानेवारी २०२४, ऑगस्ट २०२४), एकूण ७ लाख, ताबडतोब मोडायच्या. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या पावत्या मुदतीला काढायच्या, नूतनीकरण नाही. पैसे फक्त संस्थेच्या बचत खात्यात, आरटीजीएसने. रोख नाही, दुसऱ्या पावतीत वर्ग नाही. असा ठराव सूचक-अनुमोदकांसह लिहिला गेला. ‘खजिनदार हितसंबंधामुळे चर्चेत व मतदानात सहभागी नव्हते’ हे वाक्य त्यात आले. मग अण्णांना आत बोलावले आणि पाचही पावत्यांच्या अर्जांवर दोघांच्या सह्या तिथेच घेतल्या, फेब्रुवारीच्या अर्जावरसुद्धा. नंतर वारे फिरले तर सहीसाठी त्यांच्या मागे लागायला नको, हा त्यातला हेतू. फेब्रुवारी आला तेव्हा त्याचा उपयोग झाला.

पावत्या अण्णांच्या घरच्या कपाटात असत. त्या संस्थेच्या गोदरेजच्या कपाटात आल्या आणि प्रत्येकीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स सचिवांकडे राहिली.

देणगीदारांना सांगायचे का, यावर मंडळ बराच वेळ घुटमळले. शेवटी तीन मोठ्या देणगीदारांना अहवाल दाखल होण्याआधी एक पानी पत्र गेले. किती रक्कम, कुठे, कोणत्या तरतुदीविरुद्ध, किती तारखेपर्यंत हलवणार, एवढेच. कोणाचे नाव नाही, सारवासारव नाही. एका कंपनीच्या कर्मचारी गटाने पुढचा हप्ता तीन महिने लांबवला. बाकी दोघांनी पोच दिली आणि विषय सोडला.

चेंज रिपोर्टचे काम मात्र चिकाटीचे निघाले. २०१४ आणि २०१९ चे रिपोर्ट स्वतंत्र द्यावे लागतात आणि साखळी तुटून चालत नाही. २०१४ चा नामंजूर झाला तर २०१९ चा आपोआप लंगडा पडतो. दोन्हींसोबत विलंब माफीचा अर्ज. जोडायचे कागद : सभेची नोटीस आणि ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, त्या वेळची सभासद यादी, सह्यांचे हजेरी पत्रक, इतिवृत्ताचा उतारा, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे व ओळखपत्रे, गेलेल्यांचे मृत्यू दाखले, राजीनामे, प्रतिज्ञापत्रे.

२०१४ च्या नोटिशीची पोच सापडेना. नोटीस हातोहात वाटली होती, वहीत सह्या घेतल्या नव्हत्या. मग त्या सभेच्या हजेरीतल्या हयात सभासदांची आणि जुन्या मंडळातल्या हयात विश्वस्तांची ‘नोटीस मिळाली होती, हरकत नाही’ अशी प्रतिज्ञापत्रे गोळा केली. गाव सोडून गेलेल्या दोघांचे राजीनामे तोंडी होते. एकाने कुरिअरने प्रतिज्ञापत्र धाडले, दुसऱ्याला तीनदा फोन करावे लागले. सभासद यादीतही खोच होती : वर्गणी थकलेल्यांना घटनेप्रमाणे मताचा अधिकार नव्हता, पण २०१९ च्या हजेरीत त्यांतल्या दोघांच्या सह्या होत्या. निवड बिनविरोध असल्याने वकिलांनी ते प्रतिज्ञापत्रात स्पष्ट नमूद केले. लपवले असते आणि पुढे कोणी हरकत घेतली असती, तर तेवढ्यावर रिपोर्ट रखडला असता.

डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही रिपोर्ट दाखल झाले.

निष्पत्ती

मोडलेल्या ७ लाखांपैकी ३ लाख ऑक्टोबरमध्ये आणि ४ लाख नोव्हेंबरमध्ये आले. नोव्हेंबरच्या मुदतीचे ३ लाखही आले. ‘अर्ध्या तासात काम’ म्हणणाऱ्या पतसंस्थेने दोन महिने घेतले, हीच धोक्याची घंटा होती. तीन पावत्यांवर व्याजाची कपात सव्वासात हजार झाली. दोन महिन्यांच्या खर्चाएवढे, म्हणजे २ लाख ९० हजार, बचत खात्यात राखून बाकीचे बँकेत एफडी केले.

फेब्रुवारीत ४ लाखांच्या पावतीवर १ लाख मिळाले. उरलेले दरमहा ५० हजारांनी देऊ, असे सांगण्यात आले. पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याने मूळ पावती जमा करून घेऊन अडीच-तीन लाखांची नवी देण्याचा आग्रह धरला, ‘सिस्टिममध्ये तसेच होते’ म्हणून. सचिवांनी पावती सोडली नाही. प्रत्येक हप्ता पावतीच्या पाठीवर तारीख, रक्कम, शिक्का आणि सहीसह लिहून घेतला. मार्च, एप्रिल, मे असे तीन हप्ते आले. पाठीवर चार नोंदी झाल्या, पाचवी झालीच नाही. मोजक्या बड्या कर्जदारांची थकबाकी फुगली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये पतसंस्थेवर प्रशासक आला. संस्थेचे दीड लाख अडकले.

पावतीच्या पाठीवरच्या त्या नोंदींमुळे प्रशासकाकडे दावा दाखल करायला एक दिवस पुरला. नव्या पावतीला राजी झालेल्या काही ठेवीदारांना मूळ तारीख आणि व्याजाचा दर सिद्ध करायला खेटे घालावे लागत होते. दीड लाख ताळेबंदात येणे म्हणून उभे आहेत. वर्षापेक्षा जुन्या येण्यांबद्दलचा प्रश्नही ऑडिट अहवालात असतो, त्यापुढे ते आता दरवर्षी खरे लिहिले जाते.

चेंज रिपोर्टपैकी २०१४ चा जुलै २०२३ मध्ये आणि २०१९ चा जानेवारी २०२४ मध्ये मंजूर झाला. फेब्रुवारीत बँकेच्या सह्या बदलल्या : चार जण, कोणतेही दोघे, आणि त्यांत खजिनदार असलेच पाहिजेत अशी अट नाही. त्यानंतर अण्णांनी खजिनदारपद सोडले. जून २०२४ च्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत, सभासद मात्र आहेत. त्या निवडणुकीचा चेंज रिपोर्ट पाचव्या आठवड्यात दाखल झाला.

वेगळे काय करता आले असते

फेब्रुवारीची पावती तेव्हाच मोडायला हवी होती. ‘चारच महिने राहिलेत’ म्हणून ती ठेवली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोडली असती तर एक टक्का कपातीने साधारण ६,७०० रुपये गेले असते. ते वाचवताना दीड लाख अडकले. दूरच्या पावत्या आधी मोडण्याचा तर्क मंडळाने बरोबर लावला, पण जवळच्यांत सगळ्यात मोठी रक्कम पडून आहे याकडे लक्ष दिले नाही. ऑक्टोबरचे पैसे तुकड्याने आले, तेव्हा सभा घेऊन निर्णय बदलता आला असता; पुढची सभा थेट जानेवारीत झाली.

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल दरवर्षी छापला जाई आणि खजिनदारांकडे येई. थकबाकीचा तक्ता आणि ऑडिट वर्ग त्यात असतो. तो एका तरी विश्वस्ताने उघडला असता, तर वर्ग ‘अ’ वरून खाली येतो आहे हे दोन वर्षे आधी दिसले असते. संचालक असलेल्या माणसाने आपल्याच पतसंस्थेबद्दल मंडळाला सावध करावे, ही अपेक्षा अवघड आहे. म्हणूनच तो कागद त्यांच्यावर सोडायला नको होता.

गावातल्या रांगेची भीती अवाजवी निघाली. पैसे काढल्याची बातमी पसरलीच नाही, कारण अर्ज आणि आरटीजीएस यात बोलायला काही नसते. देणगीदार अध्यक्ष मात्र दुरावले. दिवाळीचे कपडे बंद झाले, त्याची तजवीज वर्गणीतून करावी लागली. सभेआधी सचिवांनी त्यांना भेटून कायद्याची अडचण सांगितली असती तर कटुता टळली असती का, यावर मंडळात अजून दोन मते आहेत. आधी सांगितले असते तर मोडायला अडथळे आले असते, असे म्हणणारेही आहेत, आणि तेही चूक वाटत नाही.

आता दर तिमाहीच्या सभेत गुंतवणुकीचा एक पानी तक्ता येतो : संस्था किंवा बँक, पावती क्रमांक, रक्कम, दर, मुदत, मूळ पावती कुठे आहे. एप्रिलमध्ये प्रत्येक विश्वस्त दोन ओळींत लिहून देतो की आपण किंवा जवळचे नातेवाईक कोणत्या बँकेत, पतसंस्थेत, पुरवठादाराकडे पदावर किंवा भागीदार आहोत. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी लिहिले की बालवाडीला किराणा देणारे दुकान त्यांच्या मेहुण्यांचे आहे. दर बाजारापेक्षा कमीच होते. तरीही वर्षातून एकदा तीन कोटेशने मागवून ती प्रोसिडिंगला जोडायचे ठरले, आणि त्या विषयाच्या वेळी डॉक्टर आपणहून बाहेर जाऊन बसले.